पान बत्तीसनंतरची चिठ्ठी

शनिवार, ४ फेब्रुवारी

एक प्रत. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा — एक! आणि तीही शेजारच्या साबणवाल्या काकांनी घेतली, माझ्याकडे बघवेना म्हणून.

कोऱ्या वह्या मात्र अकरा गेल्या. बाबांनी उरल्यासुरल्या कागदातून शिवलेल्या, आईने शिवणातल्या कापडाच्या तुकड्यांचं कव्हर चढवलेल्या. लोक वही उचलतात, पानं फर्रकन सोडतात, वास घेतात, "वा!" म्हणतात. मग तोच हात माझ्या पुस्तकाकडे जातो. आत अक्षरं दिसली की चेहरा उतरतो. एक बाई तर म्हणाल्या, "हे आतून कोरं मिळेल का?"

म्हटलं, "नाही हो. हे लिहून झालंय."

"अरेरे!" त्यांना खरंच वाईट वाटलं.

पाय दुखताहेत. वाचनालयाच्या आवारातल्या या शनिवार-रविवारच्या बाजारात खुर्ची मिळते, पण बसलेल्या माणसाकडून कुणी काही घेत नाही म्हणतात. म्हणून उभी होते.


रविवार, ५ फेब्रुवारी

बघायचं कुठं, हाच मोठा प्रश्न आहे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघितलं की ते पळतं. खाली बघितलं की ही रुसली आहे असं वाटतं. लांब बघितलं की तेही वळून लांब बघतात — आणि तिथे उभ्या असलेल्या फुगेवाल्याकडे जातात.

पलीकडे मातीवाली ताई असते. तिच्याकडे मडकी असतात, वाडगे असतात; पणत्या नाहीत, फुलदाण्याच जास्त. ती म्हणाली, "हातात काहीतरी काम ठेव गं. रिकाम्या हाताचा विकणारा मागायला आल्यासारखा दिसतो." म्हणून दिवसभर एक फडकं घेऊन त्याच पुस्तकावरची तीच धूळ पुसत बसले.

एक गृहस्थ — "तुम्हीच लिहिलंय?"

"हो."

"सगळं?"

"हो, सगळं" म्हटलं तर ते घाबरल्यासारखे झाले. मग "कशाबद्दल आहे?" हा प्रश्न. त्याला मी आजवर सतरा उत्तरं दिली असतील, सतरा ठिकाणी अडखळले. आज म्हटलं, "एका गल्लीत एकच मुलगी शिकलेली असते. ती सगळ्यांची पत्रं वाचून दाखवते. वाईट बातमी असली तर कधी कधी बदलून वाचते."

"म्हणजे खोटं वाचते?"

"हो."

"मग लहान मुलांना नको," म्हणाले आणि निघून गेले.


बुधवार, ८ फेब्रुवारी

आज आत्या आली होती. "शिकवलं तुला खुर्चीवर बसायला, आणि तू जाऊन बसलीस रस्त्यावर!" 

आई म्हणाली, "बसत नाही हो वन्सं, उभी असते."

हसू आलं. मग नाही आलं.

दिवसभर तपासणी केंद्रात बाटल्यांना लेबलं लावली. नाव, वय, क्रमांक. चार वर्षांत एकही लेबल चुकलं नाही माझं. डॉक्टरीणबाई नव्या मुलींना माझं उदाहरण देतात. लावल्यावर मी प्रत्येक लेबल दोनदा वाचते. घरी येताना कधी कधी वाटेतच थांबते — ती अमुक बाटली? तिचा आकडा? — आणि परत जाऊन बघून येते. बरोबरच असतो. स्वभाव! करणार काय.


शनिवार, ११ फेब्रुवारी

आज बाबा आले बरोबर. आणि चार प्रती गेल्या!

त्यांची विकायची रीतच वेगळी. आत काय लिहिलंय याबद्दल चकार शब्द नाही. पुस्तक टेबलावर सपाट उघडतात, हात काढून घेतात. "बघा. मिटतंय?" पुस्तक तसंच उघडं राहतं. "पाठ मोडणार नाही. शिवण दोऱ्याची आहे, नुसतं डिंकावर चिकटवलेलं नाही. तुमची नातवंडं वाचतील." मग पुस्तक मिटतात, कडेवरून अंगठा फिरवतात, आणि असं पुढे करतात की समोरचा नाही म्हणूच शकत नाही.

चाळीस वर्षं पुस्तकं बांधली या माणसाने. कायद्याची, वैद्यकाची, शाळेची. एकही वाचता आलं नाही. आकडे येतात — पानांचे आकडे बघूनच फर्मे लावत आले. छापखान्यातून मोठा कागद छापून येतो, त्याची घडी घातली की सोळा पानं होतात, तो एक फर्मा. असे फर्मे क्रमाने एकावर एक ठेवायचे, शिवायचे. क्रम चुकला तर सगळंच मुसळ केरात. त्यांच्या चाळीस वर्षांत एक पुस्तक परत आलं नाही. हे वाक्य ते आठवड्यातून एकदा तरी म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी दुकान बंद झालं, तेव्हापासून आरी-दोरा फळीवर पडून होता. माझं पुस्तक आलं तेव्हा पुन्हा खाली काढला. दोनशे प्रती एकट्याने. आई म्हणते, त्या महिन्यात ते झोपेत शिट्टी वाजवत होते!

संध्याकाळी सामान आवरताना वह्या बांधून द्यायला कागद संपला, तर बाबांनी पिशवीतून जुनी वेष्टणं काढली — माझ्याच फर्म्यांची बंडलं ज्यात आली होती ती. एका बाईंना वही दिली ती माझ्या हातच्या ठळक "५" मध्ये गुंडाळून. म्हणाले, "कागद आहे, टाकायचा कशाला?"

घरी येताना म्हणाले, "मास्तरीणबाई, एकदा आत काय आहे ते मला वाचून दाखवा की."

"दाखवते."

नाही दाखवणार. निदान इतक्यात नाही. त्यातला बाप शाळेच्या ऑफिसात फॉर्म पुढे आल्यावर खिसे चाचपतो आणि म्हणतो, "चष्मा घरी राहिला." त्या बापाला चष्माच नसतो. हे मी सात वर्षांची असताना बघितलं. बाबांना ठाऊक नाही की मी बघितलं.


रविवार, १२ फेब्रुवारी

नीट लिहिते.

दुपारी एक बाई आल्या. पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी. गणिताच्या शिक्षिका होत्या, निवृत्त. मागच्या महिन्यात प्रत घेतली होती. पिशवीतून ती काढली, टेबलावर उघडली, बोट ठेवलं.

"हे पान किती?"

"बत्तीस."

"आणि हे समोरचं?"

मी वाचलं. एकोणपन्नास.

"एकोणपन्नास ते चौसष्ट आधी, मग तेहतीस ते अठ्ठेचाळीस. मग पासष्टपासून गाडी रुळावर. मला आधी वाटलं, हल्ली असंच लिहितात. मुलगी मामाकडून परत येते आणि मग मामाकडे जाते! छत्तीस वर्षं गणित शिकवलंय मी बाळ. आकड्यात असतं तर लगेच दिसलं असतं. हे पानांचे क्रमांक अक्षरात छापायचं डोकं कुणाचं?"

"माझं." बत्तीस, तेहतीस... पानाच्या तळाशी बारीक अक्षरात. किती सुंदर दिसेल वाटलं होतं! कौतुक होतं मला.

पैसे परत देऊ लागले. घेतले नाहीत. "पुस्तक चांगलं आहे म्हणून तर सांगायला आले. वाईट असतं तर कुठल्या क्रमाने वाचलं तरी काय फरक पडतो!"

त्या गेल्यावर बाकीच्या उघडल्या. पहिली — तीच. दुसरी — तीच. दहा उघडल्या आणि थांबले, कारण मातीवाली ताई बघायला लागली.

त्रेचाळीस प्रती विकल्या आहेत मी. सहा भेट दिल्या. एकोणपन्नास घरांत हे पुस्तक आहे, आणि बत्तीस पानांच्या पुढे एकच माणूस गेलं!


सोमवार, १३ फेब्रुवारी

केंद्रातून लवकर आले. बाबा बाहेर गेले होते. पलंगाखालचे सगळे गठ्ठे काढले. एकशे एक्कावन्न. सगळ्या. एकजात सगळ्या.

आणि मी? छापून आल्यापासून मी स्वतः एकदाही पुस्तक पहिल्यापासून वाचलं नाही. चूक सापडेल या भीतीने. वाचलं असतं तर सापडली असती. म्हणजे भीती खरी आणि उपाय खोटा.

कसं झालं असेल ते कळतंय. क्रमांक अक्षरात, म्हणून बाबांना पान कुठलं ते कळणार नव्हतं. म्हणून मीच प्रत्येक बंडल उघडून, पान बघून, वेष्टणावर काळ्या जाड पेनाने आकडा घातला होता. एक ते सात. इतके ठळक की रस्त्यापलीकडून दिसावेत! तरी तिसऱ्याच्या जागी चौथा आला. म्हणजे डोळे. सुईत दोरा ओवताना हल्ली उजेडाकडे जातात. पेपरातल्या चित्राकडे मान मागे घेऊन बघतात. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आईला सांगितलं. तिने शिवण बाजूला ठेवली. मग म्हणाली, "त्यांना नको सांगूस. आरी पुन्हा फळीवर जाईल. मग ती खाली येणार नाही."

"पण विकू कशी मी? माहीत असताना?"

"ते तुझं तू बघ. शिकलेली आहेस."


गुरुवार, १६ फेब्रुवारी

एक चिठ्ठी छापायची. पान बत्तीसच्या तळाशी चिकटवायची. असं करतात, मी पाहिलंय जुन्या पुस्तकांत.

पण लिहायचं काय? चार दिवस चार ओळींवर घालवले. "मुद्रणदोषामुळे" लिहिलं — खोडलं. छापखान्याने बिचाऱ्याने काही केलेलं नाही, त्याच्या माथी का मारायचं? "नजरचुकीने" लिहिलं — ते फार जवळचं झालं, खोडलं. "काही कारणाने" — हे तर सरकारी खोटं. शेवटी:

"बांधणीतल्या चुकीमुळे पानांचा क्रम बदलला आहे. कृपया पान बत्तीसनंतर आधी तेहतीस ते अठ्ठेचाळीस ही पाने वाचावीत, मग एकोणपन्नास ते चौसष्ट. तसदीबद्दल क्षमस्व."

खरं तेच लिहिलंय. तरी लिहिताना चोरी केल्यासारखं का वाटलं?


शुक्रवार, १७ फेब्रुवारी

बाबांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा बघितला. "हे काय?"

तयारी केली नव्हती असं नाही. "जाहिरात. पुढच्या पुस्तकाची."

"मग मागच्या पानाला लावू. जाहिरात आत कुठं लावतात?"

"नाही बाबा, इथेच. बत्तीसच्या तळाला. हल्ली... अशी पद्धत आहे."

"असेल." चिठ्ठी हातात घेतली. उलटी नव्हती धरली, सुलटीच होती. वरखाली त्यांना कळतं. अंगठ्याने कागदाचा पोत बघितला. "तू नको लावू, तुझी वाकडी लागेल. मी खळ करतो."

आणि केली! पिठाची खळ, फडक्यातून गाळून. चिठ्ठीच्या वरच्या काठाला केसाएवढी रेघ ओढायची, बत्तीसच्या तळाला ठेवायची, पट्टीने दाबायची. माझ्यासमोर वीस लावल्या. ओठ मिटलेले, एकतान. स्वतःच्या चुकीची जाहिरात स्वतःच्या हाताने, एका ओळीत, सुबक.

त्यांना वाचता येत नाही याचा मी आज फायदा घेतला. शाळेने मला जे दिलं ते मी त्यांच्यावरच वापरलं. बाकी काही लिहवत नाही.


शनिवार, १८ फेब्रुवारी

आजपासून चिठ्ठीवाल्या वीस प्रती. ठरवलं होतं, कुणी पुस्तक हातात घेतलं की आधी दोष सांगायचा, मग किंमत.

पहिल्याला सांगितलं — "याची पानं मागेपुढे झाली आहेत." त्याने पुस्तक असं खाली ठेवलं, जसं काही तापलेलं होतं.

साबणवाले काका म्हणाले, "अगं पोरी, मी काय प्रत्येक वडीवर लिहितो, फेस कमी येतो म्हणून?"

"येतो कमी?"

"तो प्रश्न नाही!"

मातीवाली ताई म्हणाली, "तडा गेलेला वाडगा मी स्वस्तात देते, पण हळू आवाजात देते. तू तर दवंडी पिटतेस."

दुपारी पाणी भरायला गेले, बाबा टेबलाजवळ होते. परत आले तेव्हा ताईशी काही बोलत उभे होते. मला बघून गप्प झाले, फडकं घेऊन धूळ पुसायला लागले. म्हटलं, चला, हेही शिकले.

दोन प्रती गेल्या. दोन्ही घेणाऱ्यांनी चिठ्ठी वाचली. एक तरुण मुलगी म्हणाली, "मस्त! म्हणजे दोनदा वाचता येईल." तिला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. सुटे पैसे दिले.


रविवार, १९ फेब्रुवारी

शून्य. वह्या नऊ.


बुधवार, २२ फेब्रुवारी

केंद्रातून आले तर सगळ्या चिठ्ठ्या लावून झाल्या होत्या. उरलेल्या एकशे एकतीस. दोन दिवसांत! आई म्हणाली, "सोमवारी जेवायला उठले, तेवढेच."

गठ्ठे शिकंज्यात दाबून ठेवले होते. एक काढून बघितला. वीस लावल्या होत्या त्यापेक्षाही या नीट. काठाला काठ.

"घाई काय होती बाबा?"

"हातासरशी झालं. खळ उरली असती, वाया गेली असती."

रात्रीच्या आत संपवायचंच असं ठरवलेल्या माणसासारखे दमलेले दिसले. जेवून लगेच पडले.


शनिवार, २५ फेब्रुवारी

आज एकटीच गेले होते. तीन प्रती. आणखी दोघा-तिघा जुन्या गिऱ्हाइकांना ओळखून हाका मारल्या, सुटी चिठ्ठी दिली. त्यातली एक म्हणाली, "हो का? मी अजून उघडलंच नाही!" इतक्या आनंदाने की मला तिचा रागही आला नाही.

दुपारी मंदी होती. मातीवाली ताई माझ्याकडे बघत होती — अशी बघत होती की मीच विचारलं, "काय?"

"सांगू नका म्हणाले होते. पण तू त्यांच्याशी ज्या मऊ आवाजात बोलतेस ना, आजाऱ्याशी बोलल्यासारखी, ते मला बघवत नाही."

"कोण म्हणाले होते?"

"तुझे वडील. गेल्या शनिवारी तू पाण्याला गेलीस आणि त्यांनी मला ती चिठ्ठी दाखवली. ताई, एवढं वाचता का? म्हणाले. मी वाचली. पहिली ओळ पुन्हा वाचायला लावली."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मग एक गिऱ्हाईक आलं. त्याने विचारलं, हे काय, पुस्तक चुकलंय? तर म्हणाले — लिहिणं मुलीचं, ते बरोबर आहे. बांधणी माझी. चूक माझी."

गेल्या शनिवारी. म्हणजे सोमवार-मंगळवारी एकशे एकतीस चिठ्ठ्या लावल्या त्या काय लिहिलंय ते माहीत असताना!

टेबल कसं आवरलं, आठवत नाही. वह्यांची पिशवी तिथेच विसरले होते, साबणवाले काका घेऊन धावत आले.


रविवार, २६ फेब्रुवारी

बाजाराला गेले नाही. सकाळी बाबांसमोर बसले. वाक्य पाठ केलं होतं. "बाबा, ती जाहिरात नव्हती."

"माहीत आहे."

"मी खोटं बोलले."

"हो." मग, "वाचून दाखवतेस का आता? का अजून मुहूर्त बघायचाय?"

वाचलं. पहिल्या पानापासून. आई शिवता शिवता ऐकत होती, मशीन मध्येच थांबवत होती. बत्तीसपर्यंत आले. आता सोळा पानं ओलांडून पुढे जायचं होतं, त्यांच्यासमोर. मी पुस्तक हातात धरून तशीच बसले.

बाबांनी हात पुढे केला आणि बत्तीसच्या पुढच्या फटीत आपलं बोट घातलं. "जा पुढे. मी धरलंय."

मी पानं उलटली, तेहतीस काढलं, वाचू लागले. ते तसेच वाकून बसले होते, पुस्तकात बोट अडकवून, माझी परत यायची जागा धरून.

मग ते आलं. शाळेचं ऑफिस. फॉर्म. "चष्मा घरी राहिला." गाळून पुढे जाता आलं असतं — माझ्या पुस्तकातली मुलगी तेच करते — नाही गेले. शब्दन् शब्द वाचला.

मशीन थांबलं होतं.

बाबा म्हणाले, "खिसा डावा होता. तू उजवा लिहिलायस." आणि मग, "पुढे वाच."

संपल्यावर विचारलं, "बाबा, कसं झालं हो ते? मी आकडे घातले होते बंडलांवर."

त्यांनी दोन्ही डोळे चोळले. "डोळे गं. वय झालं. तीनाचा चार दिसला असेल. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"डॉक्टरकडे जाऊ."

"कशाला खर्च?"

"जाऊ."


गुरुवार, २ मार्च

अर्धा दिवस रजा काढली. डोळ्यांच्या दवाखान्यात जाताना बाबा वाटेत दोनदा म्हणाले, "परत जाऊ, आता बरं आहे."

भिंतीवर अक्षरांचा तक्ता. डॉक्टर म्हणाले, "वाचा." 

बाबांचा हात खिशाकडे गेला. डावा खिसा — खरंच. मी म्हणणार होते काहीतरी, तोच त्यांनी हात काढून घेतला आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मला अक्षरं येत नाहीत. आकडे येतात."

डॉक्टरांनी तक्ता उलटला. मागे आकडे होते.

बाबांनी वाचायला सुरुवात केली. वरची ओळ. दुसरी. तिसरी. खाली खाली. मग हातात धरायचा छोटा तक्ता दिला, त्यातही मुंगीएवढे आकडे. तीन, आठ, चार, चार, तीन, सात. न अडखळता. शेवटच्या ओळीपर्यंत! खालचा छापखान्याचा फोन नंबरसुद्धा वाचला.

डॉक्टर हसले. "काका, या वयात असे डोळे! उजव्यात मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे. दोन-तीन वर्षं काही करायला नको. सुई ओवताना उजेड घेत जा, झालं."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला. पण घरी येताना बाबा माझ्याकडे बघत नव्हते. चोरी पकडल्यासारखे रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालत होते.


शुक्रवार, ३ मार्च

मग चुकलं कसं?


शनिवार, ४ मार्च

बाजाराला निघताना वह्या गुंडाळायला कागद नव्हता. बाबा खाली रिक्षा बघायला गेले होते. वेष्टणाचा एखादा तुकडा उरला असेल म्हणून शिकंज्याखालची फळी उचलली.

दोनच होती. बाकीची पाच कधीच वह्यांबरोबर गेली. ही दोन चौघडी करून, शिवणीच्या दोऱ्याने बांधून, अगदी तळाशी. वरच्यावर जाड काळा "३". अक्षर माझं. आत छापखान्याने दिलेले जास्तीचे चार कागद जसेच्या तसे. पहिल्याच्या तळाशी बारीक, सुंदर: एकोणपन्नास.

"४" मध्ये तेहतीस.

खालून हाक आली, "मास्तरीणबाई, रिक्षा थांबलीय!"

मी दोरा पुन्हा होता तसा बांधू लागले. मग सोडला. दोन्ही वेष्टणं हातात घेऊन खाली आले. आज टेबलावर पुस्तकांच्या पुढे तीच लावली आहेत, आकडे दिसतील अशी. "बांधणीतल्या चुकीमुळे" म्हणणाऱ्या चिठ्ठ्या कशा काढायच्या ते बाबांना विचारलं. म्हणाले, निघणार नाहीत, पान फाटेल.

एकशे एक्कावन्न. एकही वाकडी नाही.